झाड वरून पिवळं, दुखणं बुंध्याशी: या चुका टाळा

आमच्या परड्यातल्या फणसाला आम्हीच मारायला निघालो होतो. घराच्या पायातून निघालेला मुरूम त्याच्या बुंध्याशी ओतला, चांगला दीड हात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेंड्याची पानं गळू लागली, म्हणून पाणी वाढवलं, वर युरिया टाकला. शेवटी भराव उकरला तेव्हा बुंध्याची साल ओल्या पुठ्ठ्यासारखी बोटाबरोबर निघून आली. आत तपकिरी, आंबूस वास.

मुळांनाही हवा लागते. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. ती गुदमरून कुजली की माती ओली असूनही झाड तहानल्यासारखं मलूल दिसतं. आपण पुन्हा पाणी सोडतो, आणि घात होतो. म्हणून आधी वीतभर उकरून माती मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर पाणी नको.

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या तांबड्या मातीत निचरा बरा, पण पाऊस मुसळधार. उताराच्या पायथ्याशी पाणी साचतंच. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात तर रोप उंचवट्यावरच लावा आणि चर काढा. एका आळ्यातलं पाणी दुसऱ्या आळ्यात सोडू नका. मुळं-बुंधा कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा या रोगजंतूचे बीजाणू पाण्यात पोहतात, रोग बांधभर फिरतो. पाणी द्यायचं ते फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यावर नव्हे.

कुजलेली साल जिवंत भाग लागेपर्यंत खरवडा आणि बोर्डो पेस्ट लावा. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी पुरतं. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी किंवा पत्र्याची बादली नको. स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी ट्रायकोडर्मा मात्र ओतू नका, मोरचुदातल्या तांब्याने ती उपयोगी बुरशीच मरते. ती नंतर, चांगल्या कुजलेल्या शेणखतातून द्या.

बुंध्याला फळीसारखी कडक अळंबी फुटली असेल तर ती तोडून समाधान मानू नका. ती बहुधा गॅनोडर्मा ही लाकूड कुजवणारी बुरशी असते, आणि आतलं लाकूड आधीच पोखरलेलं. असं झाड घराकडे झुकलं असेल तर जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या, जीव मोठा. त्याच खड्ड्यात लगेच नवं रोप लावू नका, आधी जुनी मुळं वेचून काढा.

आमच्या फणसाची एक बाजू वाळली. दुसऱ्या बाजूला यंदा पालवी आहे. आता मिरगाच्या आधी, बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो तो भाग उघडा आहे ना, एवढं आम्ही न चुकता बघतो.