मोठं तपेलं हवं म्हणून सोयरीक करू नका: सामाईक फंक्शनच्या या चुका टाळा

"ह्या पट्टीत एक रुपयो कमी कसो रे?" देवगडच्या एका बागायतदार काकांचा फोन. ऐन मे महिना, आंब्याची घाई, आणि मी एका रुपयापायी दोन रात्री जागलो. रुपया सापडला. पण त्याच्या मागावर फिरताना माझ्याच कोडमधल्या आणखी चार भानगडी उघड्या पडल्या, आणि सगळ्यांचं मूळ एकच निघालं: अनेक क्लासना (म्हणजे कोडमधल्या साच्यांना) लागणारी तीच ती फंक्शनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) मी कुठे आणि कशी ठेवली होती.

प्रोग्रॅम छोटाच, पायथन भाषेतला. आंब्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब), मासळीचं बिल, होमस्टेचं बुकिंग आणि टेम्पोची भाडेपावती असे चार क्लास. आमच्या किनाऱ्यावर एकाच घरात हे चारही धंदे चालतात, त्यामुळे चारही एकाच प्रोग्रॅममध्ये. चौघांना लागणारी कामं सारखी: रक्कम राउंड ऑफ करायची, अक्षरी रुपये लिहायचे, तारीख नीट छापायची, आकडे देवनागरीत दाखवायचे.

उसनवारीसाठी इन्हेरिटन्स

मी केलं ते बहुतेक जण करतात. 'बेसबिल' नावाचा एक पॅरेंट क्लास बनवला, ही सगळी फंक्शनं त्यात टाकली आणि चारही क्लास त्याची मुलं केली, म्हणजे पॅरेंटचं सगळं त्यांना वारशाने मिळालं; यालाच इन्हेरिटन्स म्हणतात. फंक्शन हवं तिथे सेल्फ (म्हणजे 'मी स्वतः') लिहून टिंब दिलं की मिळतंय, मग काय, खूश.

वाडीत लग्न निघालं की गावकीच्या खोलीतली मोठी तपेली, परात, झारे लोक घेऊन जातात, काम झालं की घासून परत ठेवतात. तपेलं हवं म्हणून कोणी त्या घरात मुलगी देत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. बुकिंगला फक्त तारीख छापायची होती, त्यासाठी मी त्याला बिलांच्या घराण्यात घातलं.

नातं जोडलं की नात्याबरोबर येणारं सगळंच येतं. महिन्याचा अहवाल 'जो जो बेसबिल आहे त्याची रक्कम विक्रीत धर' असं सांगत होता. बुकिंगही आता कायद्याने बेसबिल. त्यामुळे पाहुण्यांनी भरलेली आगाऊ रक्कम आंबा-मासळीच्या विक्रीत जाऊन बसली. प्रोग्रॅम कुठे अडला नाही, लाल अक्षरं आली नाहीत, फक्त मे महिना कागदावर फार चांगला गेला. असली चूक शोधणं सगळ्यात अवघड, कारण तक्रार करायला कोणी येत नाही.

ही चूक आपल्यासारख्या गावाकडच्या प्रोग्रॅमरचीच असं समजू नका. जावा भाषेच्या मूळ लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासचं मूल आहे. स्टॅकमध्ये वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, पण व्हेक्टरचा वारसा असल्याने मधेच कुठेही घुसवता येतं. आता जावाची अधिकृत माहितीच सांगते की त्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी चालणारी रांग) वापरा. जुना क्लास मात्र काढता येत नाही, जगभर लोक तो वापरून बसलेत.

निदान सोपं आहे. प्रत्येक मुलासाठी मोठ्याने म्हणून बघा: "पट्टी हे बिल आहे." ठीक. "बुकिंग हे बिल आहे." जीभ अडखळली, म्हणजे नातं खोटं. मग फंक्शनकडे बघा. ते सेल्फमधलं काही वाचतं का? अक्षरी रुपये काढणाऱ्या फंक्शनला फक्त एक रक्कम लागते, ती कोणाची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. असं फंक्शन क्लासच्या बाहेर काढा. पायथनमध्ये साध्या मॉड्यूलमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) मोकळं ठेवा, कोटलिनमध्येही तसंच चालतं. जावात आणि सी-शार्पमध्ये फंक्शन मोकळं ठेवता येत नाही, तिथे स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्ट (साच्यातून काढलेली वस्तू) न बनवताच वापरता येणाऱ्या, फंक्शनांचा एक क्लास करतात. जावाचा स्वतःचा मॅथ हा क्लास तसाच आहे, त्याचा ऑब्जेक्ट बनवताच येत नाही.

तो एक रुपया

आता काकांची पट्टी. आकडे समजण्यापुरते घेतो. १५ पेट्या, पेटीला १,२४० रुपये, म्हणजे १८,६००. हमाली पेटीमागे ४.५० प्रमाणे ६७.५०, भाडं पेटीमागे ७० प्रमाणे १,०५०. हातात राहिले १७,४८२.५०. काकांनी पाठकोऱ्या कागदावर १७,४८३ केले. माझ्या प्रोग्रॅमने १७,४८२.

पुढची पट्टी १७ पेट्यांची. २१,०८० मधून ७६.५० आणि १,१९० गेले, राहिले १९,८१३.५०. काकांचे १९,८१४, प्रोग्रॅमचेही १९,८१४. इथे डोकं फिरतं. एका पट्टीत चुकतं, दुसरीत बरोबर.

कारण असं की पायथन ३ मधलं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे झुकतं. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. मोठ्या हिशेबांत ही रीत मुद्दाम वापरतात, म्हणजे लाखो व्यवहारांत बेरीज एकाच बाजूला कलत नाही. जावाचं मॅथमधलं राउंड मात्र २.५ चे ३ करतं. बाजारातला माणूस शाळेत शिकल्याप्रमाणे अर्धा आला की वर जातो. म्हणजे काका बरोबर. पायथनही त्याच्या जागी बरोबर, चुकलो मी.

उपाय म्हणून रक्कम डेसिमल प्रकारात (दशांश आकडा जसाच्या तसा धरणाऱ्या) घेतली आणि अर्ध्याला वर नेणारा नियम स्पष्ट लिहिला. डेसिमल बनवताना आकडा स्ट्रिंगमधून (अवतरणात, मजकूर म्हणून) द्या, फ्लोटमधून (संगणकाच्या अंदाजे अपूर्णांकातून) दिलात तर फ्लोटची घाण सोबत येते. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का, असं पायथनला विचारून बघा, नाही म्हणेल. त्याहून निर्धास्त रस्ता म्हणजे सगळा हिशेब पूर्णांक पैशांत ठेवायचा आणि रुपये फक्त छापताना करायचे.

एवढं करून मी झोपलो. सकाळी पुन्हा फोन. टेम्पोच्या पावतीत तोच घोळ! त्या क्लासमध्ये कधीतरी घाईत राउंड ऑफच्या ओळी कॉपी करून चिकटवल्या होत्या. म्हणून एक फंक्शन दुरुस्त केलंत की त्यातली एखादी वेगळी दिसणारी ओळ उचलून पूर्ण प्रकल्पात शोधा. जुळ्या भावंडांचा पत्ता तसाच लागतो.

दिसतं सारखं, असतं वेगळं

मग मी उलट्या टोकाला गेलो. सगळीकडे एकच राउंड ऑफ, कोणी वेगळं वागायचं नाही. तेवढ्यात मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "वरचे पैसे आम्ही घेत नाय, सोडूनच देतो." म्हणजे मासळीच्या बिलात नेहमी खालचा रुपया. होमस्टेवाल्यांना दहाच्या पटीत हवं होतं. मी त्या एका फंक्शनला 'प्रकार' नावाचा पॅरामीटर (बाहेरून द्यायचा पर्याय) जोडला, मग 'दहाच्या पटीत' हा दुसरा, मग 'फक्त खाली' हा तिसरा. फंक्शन बारा ओळींवरून साठ ओळींवर गेलं, आणि एकासाठी हात लावला की दुसऱ्याचं मोडायला लागलं.

दोन तुकडे आज सारखे दिसतात म्हणून ते एक होत नाहीत. उद्या बदलायचं झालं तर दोघांनाही एकाच कारणाने बदलावं लागेल का, हे विचारा. नसेल, तर राहू द्या वेगळे. दोन-तीन ओळींची पुनरावृत्ती मला आता खुपत नाही, पॅरामीटरांचं जंगल मात्र खुपतं. जिथे नियम वेगळा पण भोवतालचं काम तेच, तिथे नियमच बाहेरून हातात द्या: पट्टीचा ऑब्जेक्ट बनवतानाच राउंड ऑफ करणारं फंक्शन त्याला द्यायचं, आत कसं चालतं ते पट्टीला कळायची गरज नाही. यालाच कंपोझिशन म्हणतात. नाव जड आहे, काम हलकं.

सामाईक जाळं, सामाईक मासळी नव्हे

रापणीचं जाळं सगळ्यांचं असतं, पण ओढून आणलेल्या मासळीचे वाटे ज्याचे त्याचे. क्लासच्या अंगावर रिकामी लिस्ट लिहून ठेवलीत, तर पायथनमध्ये ती एकच लिस्ट सगळे ऑब्जेक्ट वापरतात. माझ्याकडे 'शेरे' नावाची अशी लिस्ट होती. एकाच्या पट्टीवर लिहिलेलं 'दोन पेट्या डागी' दुसऱ्याच्या पट्टीवर छापून आलं. भांडणच व्हायचं. लिस्ट इनिटच्या (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आत, सेल्फवर बनवा. फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देणं हाही त्याच जातीचा सापळा, तिथे डिफॉल्टला नन (None, म्हणजे 'काहीच नाही') द्या आणि आत नवी लिस्ट करा.

जावावाल्यांसाठी: तारखेचा जुना सिंपलडेटफॉरमॅट स्टॅटिक करून सगळ्यांना वाटू नका. तो एकाच वेळी अनेक थ्रेडनी (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामांनी) वापरायच्या लायकीचा नाही. लक्षण ठरलेलं: तुमच्या लॅपटॉपवर उत्तम, सर्व्हरवर गर्दी झाली की भलत्याच तारखा. जावा ८ पासून आलेला डेटटाइमफॉरमॅटर खुशाल वाटा.

मिक्सिन आणि गोल गोल इम्पोर्ट

मिक्सिन (फक्त फंक्शनं उसनी देण्यासाठी इतर क्लासना जोडायचे छोटे क्लास) वाईट नाहीत, पण डावीकडून उजवीकडे कोणता क्रम लिहिलाय ते बघा. दोन मिक्सिनमध्ये एकाच नावाचं फंक्शन असेल तर पायथन गुपचूप क्रमात आधी येणारं उचलतो. पीएचपी भाषेच्या ट्रेटमध्ये (तिथल्या मिक्सिनसारख्या गोष्टीत) अशी टक्कर झाली की थेट एरर येते आणि कोणाचं घ्यायचं ते लिहून द्यावं लागतं. जावाच्या इंटरफेसमधून येणाऱ्या तयार फंक्शनांचं (डिफॉल्ट मेथडचं) तसंच, कंपायलर पुढे जाऊ देत नाही. मला ही भांडखोर पद्धत जास्त आवडते. पायथनमध्ये संशय आला की क्लासचा एमआरओ छापून बघा, शोधाचा क्रम जसाच्या तसा दिसतो. आणि 'ऑब्जेक्टला हे ॲट्रिब्यूट नाही' अशी एरर मिक्सिन जोडल्यावर सुरू झाली असेल, तर बहुधा एखाद्या मिक्सिनच्या इनिटमध्ये सुपरला (साखळीतल्या पुढच्या क्लासला) हाक मारायची राहिली आहे. साखळी तिथेच तुटते, पुढच्याचं इनिट चालतच नाही.

'हेल्पर' नावाची फाइल म्हणजे माळा. जे ठेवायला जागा नाही ते तिथे. त्यात मी पट्टीचा क्लास इम्पोर्ट केला (दुसऱ्या फाइलमधून आणला), पट्टी आधीच हेल्पर इम्पोर्ट करत होती, आणि मॉड्यूल अर्धवट तयार झालंय अशी एरर आली. इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलला की एरर जाते, पण ते गळक्या कौलाखाली बादली ठेवणं आहे. हेल्परला पट्टी ओळखायची गरज का पडली ते बघा. बहुतेक वेळा पूर्ण ऑब्जेक्ट न देता त्यातली रक्कम आणि तारीख दिली की भागतं. माझा माळा आता तीन फाइलींत वाटलाय: रक्कम, तारीख, छपाई.

हे आवरणं मी पावसात केलं. १ जूनपासून मासेमारी बंद, आंबा संपलेला, फोन शांत. बेसबिलमध्ये आता खरोखर बिलाची दोनच फंक्शनं उरली आहेत आणि त्याची मुलं तीन. मासळीच्या बिलात पैसे सोडून देणाऱ्या दोन ओळींची वेगळी कॉपी तशीच आहे. वर कॉमेंट टाकलीय: "मुद्दाम वेगळं ठेवलंय, एकत्र करू नये. मावशींना विचारा."