बातमीत दोष कुणाच्या माथी मारायचा?

पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी रात्रपाळी करते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वार्ताहरांच्या बातम्या माझ्यासमोर येतात. त्यांत माझी कात्री सगळ्यात जास्त चालते ती आरोप, ठपका, दोष, आळ आणि खापर या शब्दांवर, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसवलेले असतात. शब्द निवडण्याआधी दोनच गोष्टी बघा: बोट कोण दाखवतंय आणि प्रकरण कुठवर आलंय.

आरोप कुणीही करू शकतो, म्हणून करणारा वाक्यात हवाच. 'ग्रामसभेत सरपंचांवर आरोप झाले' ही अर्धी बातमी. कुणी केले, कशाबद्दल केले आणि सरपंचांना तुम्ही फोन केला का, ते लिहा. ठपका मात्र चौकशीचा अधिकार असलेल्यानंच ठेवायचा: आयोगानं, चौकशी समितीनं, खात्यातल्या वरिष्ठानं. ताशेरे ओढायचे न्यायालयानं, फार तर कॅगनं. विरोधी आमदारानं पत्रकार परिषदेत 'ताशेरे ओढले' म्हणे! त्यानं टीका केली, एवढं पुरे.

ठपका आणि दोषी यांतलं अंतर समजून घ्यायचं तर आपल्याच खाणींचं प्रकरण काढा. न्या. एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं त्यात म्हटलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. डिचोलीच्या बाजारापासून कुडचड्याच्या नाक्यापर्यंत खाणमालक तेव्हाच 'दोषी' ठरून गेले. पण आयोग कुणाला दोषी ठरवत नाही. त्याचा अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचं कलम ८ब तर सांगतं की ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागू शकतो, त्याला आपली बाजू मांडू द्या. ती संधीच मिळाली नाही, हा खाणमालकांचा आक्षेप होता. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या अहवालाच्या आधारे खटले भरण्याचे आदेश दिले नाहीत. मात्र त्याच निकालात २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं खाणकाम बेकायदा ठरलं. म्हणजे 'खाणकाम बेकायदा ठरलं' हे वाक्य बरोबर, 'अमका मालक दोषी ठरला' हे चूक. ही दोन्ही वाक्यं एकाच बातमीत शेजारी शेजारी आलेली मी पाहिली आहेत.

पोलिसांच्या बातम्यांत पायऱ्या ठरलेल्या आहेत. पकडला तो संशयित; गोव्यातल्या मराठी पत्रांत हा शब्द रुळलाय आणि तो रास्तच आहे. 'संशयित आरोपी' कशाला, दोन टोप्या एका डोक्यावर? मग आरोपपत्र दाखल होतं, न्यायालय आरोप निश्चित करतं, खटला चालतो आणि मगच दोषी किंवा निर्दोष. खटला उभा राहण्याआधीच सुटला तर तो आरोपमुक्त. त्याला निर्दोष लिहू नका, कारण पुरावे तपासलेच गेलेले नसतात.

अपघाताच्या बातम्यांवर मात्र माझा खरा राग आहे. आपल्याकडे 'स्वयंअपघात' नावाचा शब्द आहे. रात्री एकटा दुचाकीस्वार पडून गेला, की 'स्वयंअपघातात ठार'. रस्त्यावरचा खड्डा, बसलेली गुरं, न पेटणारा दिवा, हूल देऊन पळालेली गाडी, सगळे त्या एका शब्दात सुटले आणि गुन्हा मेलेल्याच्या नावावर. 'ताबा सुटल्याने' हेही तसंच. पंचनामा झाला नसेल तर 'दुचाकी घसरून' लिहा आणि त्या जागी काय होतं ते डोळ्यांनी बघून लिहा.

आळ, बालंट, किटाळ हे शब्द जपून. आळ म्हटलं की तो खोटा, असा कौल तुम्हीच देऊन टाकता. 'कारकुनावर चोरीचा आळ' छापलंत तर कारकून सुटला म्हणून समजा. खापर फोडणं तसंच: फोडणारा स्वतःची कातडी वाचवतोय, हे त्यात गृहीत आहे. अग्रलेखात खुशाल फोडा, बातमीत नको. बोल लावणं, नावं ठेवणं हे घरगुती, ते सदरांत शोभतं.

देवळाच्या बातमीत वेगळीच गंमत. शहरातल्या उपसंपादकाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते, म्हणून तो 'ग्रामस्थांची देवाकडे तक्रार' असा मथळा देतो. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवानं राखण करावी म्हणून. देवाला विचारलेल्या कौलात 'दोष' निघाला तरी त्यात कुणी माणूस गुन्हेगार नसतो. तिथं दोषी शोधायला जाऊ नका, गावात भांडण लागेल.

राहिला कायदा. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. न्यायालयात घडलं त्याचं सारतः खरं वार्तांकन त्यातून वगळलेलं आहे. चहाच्या टपरीवर हवालदारानं कानात सांगितलेलं नाही. मथळ्यात जागा कमी पडली तर विशेषण कापा, 'कथित' कापा, पण आरोप करणारा कापू नका. तोही मावत नसेल तर मला फोन करा, मी मथळा दोन ओळींचा करते.