पंचगंगा ३९ फुटांवर जायच्या आत: होस्ट आणि व्हर्च्युअल मशीनची तयारी

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद झाला आणि व्हीनस कॉर्नरकडं जायची सोय उरली नाही. ज्यांचं टॅली, ईआरपी आणि फाइल सर्व्हर एकाच लिनक्स होस्टवर (म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर) केव्हीएममध्ये, म्हणजे त्याच्या पोटात चालणाऱ्या आभासी संगणकांत (व्हर्च्युअल मशीनमध्ये) चालतं, त्यांनी पुढची कामं मे महिन्यातच उरकावीत. एरवी चार पावलं चालून होस्टसमोर बसता येतं, म्हणून ती नेहमी मागं पडतात.

होस्ट बेसमेंटला असेल तर आधी वर हलवा. बाकीचं नंतर.

मग मोजदाद. 'व्हर्श' ही या मशीन सांभाळायची कमांड. 'व्हर्श लिस्ट' एवढंच दिलं तर फक्त चालू मशीन दिसतात. मागं 'ऑल' जोडा, म्हणजे कुणीतरी कधीतरी बनवून बंद ठेवलेलीही बाहेर येतात. प्रत्येकीपुढं आयपी, रॅम, डिस्कची फाइल कुठं आहे आणि ती कोण वापरतं हे लिहा. 'व्हर्श डम्पएक्सएमएल'ने प्रत्येकीची व्याख्या, म्हणजे तिची सगळी मांडणी लिहिलेली फाइल, वेगळी साठवा. बरेच जण नुसती डिस्कची फाइल कॉपी करून निवांत होतात. पुढं दुसऱ्या होस्टवर ती अंदाजाने जोडताना मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलतो, विंडोजला नवं नेटवर्क कार्ड दिसतं आणि बसवलेला स्थिर आयपी जातो. डिस्कचा बस, म्हणजे ती मशीनला जोडायची पद्धत, चुकली तर विंडोज बूटच होत नाही.

लांबून शिरायची वाट हा सगळ्यात जास्त वेळ द्यायचा भाग. होस्टवर एसएसएचने (लांबून सुरक्षित लॉगिन करायची सोय), तेही की-फाइलने, पासवर्ड बंद. व्हीएनसी (मशीनचा स्क्रीन लांबून दाखवणारी सोय) १२७.०.०.१ वरच, म्हणजे होस्टच्या आतल्या आतच, ऐकू दे आणि एसएसएच बोगद्यातून बघा. राउटरवर व्हीएनसीचं ५९०० किंवा आरडीपीचं (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं) पोर्ट उघडून ठेवणं म्हणजे दारात किल्ली टांगणं. पुरात केबलचं नेट गेलं तर ऑफिस डोंगलवर येतं, आणि डोंगलला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, त्यामुळं पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने आत पाठवण्याचा) उपयोग शून्य. म्हणून वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा ऑफिसातून बाहेर, भाड्याच्या छोट्या क्लाउड सर्व्हरकडं काढा आणि कीपअलाइव्ह (बोगदा जागा ठेवणारा ठोका) २५ सेकंदांवर ठेवा. हे घरी बसून, मोबाइल डेटावर तपासा. ऑफिसच्या वायफायवर सगळंच चालतं.

मशीनचं नेटवर्कच बिघडलं तर सिरियल कन्सोल, म्हणजे होस्टवरून नेटवर्कशिवाय मशीनमध्ये शिरायची मजकुराची खिडकी, लागतो. लिनक्स मशीनच्या आत त्याचं लॉगिन आधीच चालू करून ठेवावं लागतं, बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. होस्टच अडकला तर आयड्रॅक किंवा आयएलओ (डेल आणि एचपी सर्व्हरांत लांबून ताबा घ्यायची वेगळी सोय), पण त्या पोर्टमध्ये केबल आहे का, मागं वाकून बघा. मी बघितलेल्या कितीतरी सर्व्हरांत ते पोर्ट रिकामं असतं.

बंद करायचा क्रम कागदावर हवा: आधी ईआरपी, मग डेटाबेस, शेवटी फाइल सर्व्हर, चालू करताना उलटा. व्हर्शचं 'शटडाउन' मशीनला बंद व्हायचा रीतसर निरोप देतं. 'डिस्ट्रॉय' डिस्क पुसत नाही, पण ते वायर उपटण्यासारखंच आहे. गेस्ट एजंट (होस्टचे निरोप ऐकणारा मशीनच्या आतला छोटा प्रोग्रॅम) आत बसवलेला असेल तर विंडोज निरोप जास्त ऐकते. यूपीएसवर होस्ट किती मिनिटं तग धरतो ते घड्याळ लावून मोजा; काही डिस्ट्रोंत होस्ट बंद होताना मशीन सस्पेंड होतात, म्हणजे सगळी रॅम डिस्कवर लिहीत बसतात, आणि जुनी बॅटरी तेवढं थांबत नाही. ज्या मशीन आपोआप उठायला हव्यात त्यांनाच ऑटोस्टार्ट द्या.

स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) बहुधा त्याच डिस्कवर राहतो, तो बॅकअप नव्हे. खरी कॉपी नदीपासून लांब, पुण्याला किंवा क्लाउडवर हवी, आणि त्यातली एक मशीन उठवून बघितलेली हवी.

शेवटी एका रविवारी क्रमाने सगळं बंद करून परत चालू करा, घरूनच. आणि त्या कागदाची एक प्रत वॉचमन मामांकडं द्या. लाइट गेल्यावर त्यांचा फोन येतोच, "दादा, बटण दाबून धरू काय?" कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात उत्तर लिहा: बटणाला हात लावायचा नाही, आधी मला फोन.