ट्रेलसाठी जीपीएस घेताय? या चुका टाळा

वापरायला सोपा जीपीएस हवा, असं प्रत्येक जण म्हणतो. पण सोपं म्हणजे काय, हे दुकानात सावलीत उभं राहून ठरवलं की तिथंच गणित चुकतं. ट्रेलवर, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटेवर, मोटरसायकल चालवणारा रायडर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा असतो. हातात जाड ग्लोव्ह्ज असतात, स्क्रीनवर ऊन असतं, हँडल हादरत असतं आणि नजर पुढच्या दगडावर हवी असते. अशा वेळी एका ओझरत्या नजरेत पुढचं वळण कळलं, तर तो जीपीएस सोपा. देखणा मेनू, गाणी, कॉल या गोष्टींचा तिथं काही उपयोग नाही.

‘उद्या ट्रेलला निघतोय, आज कोणता घेऊ?’ असंही बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आज काहीच घेऊ नका, उद्या वाट माहीत असलेल्या माणसाच्या मागे राहा. नवं यंत्र हाताला बसायला निदान दोन-तीन छोट्या फेऱ्या लागतात.

रूटलाच ट्रॅक समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती महागड्या यंत्रावरही तशीच होते. जीपीएक्स म्हणजे वाटेची माहिती साठवणारी फाइल. अशा एका फाइलमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. वेपॉइंट म्हणजे नकाशावरचं एक ठिकाण: पाणी, पेट्रोल, फाटा. रूट म्हणजे मोजकी ठिकाणं. त्यांच्या मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून स्वतः ठरवतं. ट्रॅक म्हणजे दर काही मीटरला एक अशा हजारो बिंदूंची रेघ. यंत्र ती आहे तशी दाखवतं. डांबरी रस्त्यावर रूट छान चालतो. ट्रेलवर मात्र तो घात करतो. जायची पायवाट यंत्राच्या नकाशात बहुधा नसतेच, आणि असली तरी ‘फक्त पायी’ अशी नोंदलेली असते. मग यंत्र जवळचा दुसरा रस्ता पकडतं.

पुढचा प्रकार नेहमीच पाहायला मिळतो. पाच जणांचा ग्रुप. एकानं घरी बसून प्लॅनरवर बारा ठिकाणं टाकली आणि ‘जीपीएक्स पाठवलंय’ म्हणून सगळ्यांना फाइल दिली. फाइल एकच, पण यंत्रं आणि नकाशे पाच प्रकारचे, त्यामुळे वाटाही वेगवेगळ्या निघाल्या. पहिल्याच फाट्यावर दोघांना डावीकडे जा म्हणून सांगितलं, तिघांना उजवीकडे. प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटलं. वाद मिटवून सगळे एका बाजूनं निघाले, तर शेवटच्या रायडरचं एक वळण हुकलं. त्याच्या यंत्रानं आवाजही न करता रस्ता नव्यानं काढला, स्क्रीनवरची रेघ बदलली आणि त्याला ते कळलंच नाही. रेघ दिसतेय म्हणून तो ओढ्याकडे उतरत गेला. खाली वाट संपली. वर चढायला ओला उतार आणि टाकीत जेमतेम पेट्रोल. बाकीचे चौघे पुढच्या खिंडीत वाट बघत बसले. फोनला रेंज नव्हती. शेवटी सगळे परत फाट्यापर्यंत आले आणि चाकांच्या खुणांवरून तो सापडला. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता. रूटनं जे करायचं तेच त्यानं केलं.

उलटा त्रासही होतो. खडक कोसळलाय म्हणून वळसा घालून तुम्ही एक ठिकाण सोडलंत, की यंत्र ते ठिकाण गाठल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘यू-टर्न घ्या’ हेच सांगत राहतं.

यावर माझी पद्धत अशी. फाइल मागतानाच ‘ट्रॅक पाठव’ असं स्पष्ट सांगायचं. आली की कॉम्प्युटरवर उघडून बघायची: वळणावळणाला बिंदू दाट दिसले तर ट्रॅक, लांब सरळ रेघांनी जोडलेली थोडी ठिकाणं दिसली तर रूट. रूट असेल तर घरीच त्याचा ट्रॅक करून घ्यायचा आणि पूर्ण रेघ डोळ्यांखालून घालायची. मग यंत्रात तीन सेटिंग्ज बघायच्या. रस्ता नव्यानं काढणं बंद, निदान ‘आधी विचारा’वर. आपली जागा जवळच्या रस्त्याला चिकटवणारं ‘लॉक ऑन रोड’ बंद. आणि ट्रॅकपुढचं ‘नकाशावर दाखवा’ चालू; फाइल टाकूनही रेघ दिसत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. रेघेचा रंग जांभळट गुलाबी ठेवा. नकाशावर कंटूर (उंची दाखवणाऱ्या रेघा) तपकिरी, पाणी निळं, झाडी हिरवी, म्हणून त्या रंगांतली रेघ उन्हात हरवते. काही यंत्रांत ट्रॅक निवडून ‘गो’ दाबलं की त्याचाच रूट बनतो. तिथं ‘गो’ दाबूच नका, नुसती रेघ बघून चाला.

घेण्याआधी एका ट्रॅकमध्ये किती बिंदू मावतात तेही विचारा. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्समध्ये एका ट्रॅकला १०,००० बिंदूंची मर्यादा आहे. १०० किलोमीटरचा ट्रॅक दर ५ मीटरला एक बिंदू असा नोंदला असेल, तर बिंदू होतात २०,०००. म्हणजे अर्धी वाट मावतच नाही, आणि हे कळतं ते ५० किलोमीटर गेल्यावर. जुन्या जीपीएसमॅप ६०सीएसएक्समध्ये जतन केलेल्या ट्रॅकला ५०० बिंदूंचीच जागा होती. तिथं १०० किलोमीटरला दर २०० मीटरला एक बिंदू येतो आणि घाटातली वळणं सरळ कापली जातात. दिवसाचा ट्रॅक दोन-तीन तुकड्यांत पाडायचा, हा साधा उपाय. सकाळ एका रंगात, दुपार दुसऱ्या.

दुकानात स्क्रीनवर भाळणं

मोठी स्क्रीन वाचायला बरी, पण अरुंद झाडीच्या वाटेवर आणि पडझडीत मार तीच खाते. रुंद कच्च्या रस्त्यांचा लांबचा प्रवास असेल तर ५ ते ६ इंची ठीक. दगडधोंड्यांच्या सिंगल ट्रॅकवर, म्हणजे एका वेळी एकच बाइक जाईल अशा अरुंद वाटेवर, ३ ते ४ इंची पुरते. विकत घेण्याआधी यंत्र उन्हात नेऊन आपले ग्लोव्ह्ज चढवून चार कामं करून बघा: नकाशा जवळ घ्या, लांब न्या, आहे त्या जागी वेपॉइंट टाका, परत नकाशावर या. यांतल्या एकाही कामाला दोनपेक्षा जास्त वेळा बोट लावावं लागलं, तर ते यंत्र ट्रेलसाठी सोपं नाही. कपॅसिटिव्ह (फोनसारख्या) टच स्क्रीनला पावसाचे थेंब बोटासारखे लागतात आणि नकाशा आपोआप सरकतो; चिखल लागलेल्या ग्लोव्हला मात्र ती दाद देत नाही. म्हणून बटणांच्या यंत्राला जुनाट म्हणून नाक मुरडू नका. निदान झूमला तरी खरी बटणं असावीत.

फोनवरच भागवणं

फोनमधले नकाशे उत्तम आहेत. ऑसमअँड, लोकस मॅप, ऑर्गॅनिक मॅप्स या अ‍ॅप्सवर ट्रॅक नीट दिसतो आणि घरी प्लॅन करायला फोनसारखं सोयीचं दुसरं काही नाही. अडचण हँडलबारवर लावण्यात आहे. सप्टेंबर २०२१मध्ये अ‍ॅपलनंच इशारा दिला होता, की मोटरसायकलच्या ताकदवान इंजिनची कंपनं हँडलमधून फोनपर्यंत पोहोचली तर कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि ऑटोफोकस बिघडू शकतात. उष्णतेचं तसंच: आयफोन वापरायचा तो ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये. उन्हात, पूर्ण ब्राइटनेसवर, वर चार्जिंग चालू, म्हणजे फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. फोनवरच चालायचं असेल तर हँडलवर जुना फोन लावा, कंपनं शोषणाऱ्या माउंटवर. रोजचा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात राहू द्या. अपघात झाला तर मदत मागायचं साधन बाइकबरोबर दरीत जाता कामा नये.

वायरिंगला घाई करणं

हजारोंचं यंत्र घेणारा माणूस वायरिंग अर्ध्या तासात उरकतो, आणि मग ‘जीपीएस सारखा बंद पडतो’ म्हणून कंपनीला बोल लावतो. दोष बहुतेक वेळा वायरीत आणि जोडांत असतो.

फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडू नका. हँडल डावी-उजवीकडे वळताना वायर चेसिसला घासते, कधीतरी इन्शुलेशन फाटतं आणि शॉर्ट होतं. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात हवा; यंत्राजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. ५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे १० वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला साधारण १ अँपिअर. त्याला २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. हाताशी आहे म्हणून १५ अँपिअरचा घातला, तर वायर आधी जळेल. वायर बांधण्यापूर्वी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, पुढचा सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा, मगच झिप-टाय आवळा.

सप्लाय किल्लीवर चालणारा घ्या. किल्लीच नसलेल्या एंड्युरो बाइकवर (खडतर वाटांसाठीच्या हलक्या बाइकवर) टेललाइटच्या वायरीवरून रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, चालवता येतो. १२ व्होल्टचे ५ करणारा यूएसबी कन्व्हर्टर यंत्र काढलं तरी थोडी वीज खातच असतो. तो २० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. एंड्युरो बाइकच्या ४ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीचा निम्मा साठा चार दिवसांत संपतो. आणि काही किक-स्टार्ट डर्ट बाइकना बॅटरीच नसते, लाइटची कॉइल एसी देते. तिथं डीसी अ‍ॅडॉप्टर जोडला तर तो जळतो. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवा, नाहीतर स्वतःच्या बॅटरीवर दिवसभर चालणारं यंत्रच घ्या.

मायक्रो-यूएसबीची पिन हादऱ्यांनी सैल होते. म्हणून यंत्र ज्यात बसतं त्या धारकातूनच वीज मिळते, अशा पॉवर-क्रेडलचं यंत्र थोडं महाग पडलं तरी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. एए सेलवर चालणारं यंत्र खड्ड्यात अचानक बंद होत असेल, तर सेल उसळून क्षणभर संपर्क तुटतो, एवढंच झालेलं असतं. झाकण आणि सेल यांच्या मध्ये पातळ फोमची पट्टी घाला. मेनूत सेलचा प्रकारही बरोबर निवडा: रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो, आणि सेटिंग ‘अल्कलाइन’ राहिलं तर यंत्र तो वेळेआधीच रिकामा दाखवतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

यंत्र हँडलच्या टोकाकडे लावू नका. मधल्या क्लॅम्पच्या वर लावा आणि कोन उभं राहून ठरवा. माउंट कितीही भक्कम असो, एक सेफ्टी दोरी वेगळी बांधा.

यंत्रावर लिहिलेला आयपीएक्स७ हा जलरोधकतेचा दर्जा म्हणजे १ मीटर स्थिर पाण्यात ३० मिनिटं. प्रेशर वॉशरच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही, धुण्याआधी यंत्र काढा.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीत गल्लत करू नका. ४०.३० अंश वेगळे आणि ४० अंश ३० मिनिटं वेगळी; दुसऱ्याचे होतात ४०.५० अंश. एका अक्षांशाला सुमारे १११ किलोमीटर धरले तर चूक २२ किलोमीटरची.

चाललेल्या वाटेची नोंद दर सेकंदाला ठेवली तर १०,००० बिंदू पावणेतीन तासांत भरतात आणि सकाळची वाट पुसली जाऊ लागते. दर १० मीटरला एक ठेवा.

थांबलेल्या बाइकवर बाण भलतीकडे फिरला म्हणून वाट बदलू नका. जीपीएसला दिशा हालचालीतून कळते. वीस-तीस मीटर पुढे गेलात की बाण सरळ होतो. दाट झाडीत किंवा अरुंद दरीत रेघ पंधरा-वीस मीटर बाजूला दिसणंही नेहमीचंच. एल१ आणि एल५ असे उपग्रहांच्या लहरींचे दोन्ही बँड घेणारं यंत्र तिथं जास्त चांगलं चालतं, बॅटरी मात्र जास्त खातं.

जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय? आधी उघड्यावर चालू करून तारीख बघा. ६ एप्रिल २०१९च्या रात्री जीपीएसचा १,०२४ आठवड्यांचा मोजणीकाळ संपला आणि आठवड्यांचा आकडा पुन्हा शून्यावर आला. फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) अपडेट न झालेली काही यंत्रं तेव्हापासून सुमारे १९ वर्षं ७ महिने मागची तारीख दाखवतात.

साधा जीपीएस मदतीचा संदेश पाठवू शकत नाही, तो फक्त ऐकतो. एसओएस हवं असेल तर सॅटेलाइट कम्युनिकेटर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र, वेगळा लागतो. त्याला बहुधा मासिक वर्गणी पडते, आणि काही देशांत तो जवळ बाळगायलाही परवानगी लागते, हे आधी तपासा.

यंत्र घरी आलं की पहिल्या आठवड्यात, परत करण्याची मुदत आहे तोवर, पाठ असलेल्या एखाद्या दहा-बारा किलोमीटरच्या वाटेचा ट्रॅक त्यात टाका. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. हेल्मेट-जॅकेट चढवायच्या आधी यंत्र मोकळ्या आकाशाखाली चालू करून ठेवा, म्हणजे तुम्ही तयार होईपर्यंत त्याला उपग्रह सापडलेले असतात. वाटेत एक वळण मुद्दाम चुकवा आणि शंभर मीटर पुढे जा. यंत्र गप्प राहिलं, रेघ जागची हलली नाही आणि तुम्ही रेघेपासून दूर चाललात हे उभ्या उभ्या दिसलं, तर सेटिंग्ज बरोबर आहेत. रेघ तुमच्या मागोमाग सरकली, तर अजून रूटच चालू आहे.