रामशेज आणि द्राक्षबागा: एका दिवसाची पायपीट कशी आखायची

दिवस ठरवताना गडाकडे बघू नका, बागेकडे बघा. नाशिकजवळचा रामशेज किल्ला बारा महिने जागेवरच असतो. द्राक्षबाग मात्र दर पंधरवड्याला वेगळी दिसते, आणि वर्षातले काही आठवडे तर तिथे बाहेरच्या माणसाने पाय न ठेवलेलाच बरा.

नाशिककडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. थंड मुलखातली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. इथली झोपतच नाही, म्हणून हा दुहेरी खटाटोप. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार व्हावी म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. गोडी छाटणीपासून साधारण चार ते साडेचार महिन्यांनी माल काढणीला येतो. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब आपोआप लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गड हिरवागार असतो, हवा छान असते आणि नवख्यांना हाच मोसम योग्य वाटतो. पण बागेत तेव्हा फवारणीचा जोर असतो. कोवळ्या फुटीवर डाउनी आणि करपा या बुरशीच्या रोगांचं सावट, त्यामुळे ट्रॅक्टरचे ब्लोअर सकाळ-संध्याकाळ फिरत असतात. या दिवसांत गडावर खुशाल जा, बागेत शिरू नका. डिसेंबरात घड लागलेले असतात, पण मणी हिरवे, टणक आणि दातांना झोंबतील इतके आंबट. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत दोन्ही जमतं: मण्यांत पाणी उतरलेलं असतं, म्हणजे ते मऊ आणि गोड होत आलेले असतात, वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते आणि गडावरचा कातळ अजून तापलेला नसतो. मार्चमध्ये माल भरपूर दिसतो, पण दहानंतर चढायचं नाव काढू नये. आणि आदल्या आठवड्यात बेमोसमी पाऊस किंवा गारपीट झाली असेल, तर बागेचा बेत सरळ रद्द करा. त्या दिवसांत शेतकऱ्याला पाहुण्यांशी बोलायची उसंत नसते आणि इच्छाही नसते.

जानेवारीत पहाटे गारठा चांगलाच असतो. निफाडकडे पारा फार उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागांमधून शेकोट्या पेटवतात. सकाळी शिवारावर धुराचा पट्टा दिसला तर तो त्याचा. स्वेटर हवाच, पण तो अर्ध्या चढात निघणार आहे, म्हणून पिशवीत जागा ठेवा.

आधी गड

क्रम उलटा करू नका. सकाळी गड, दुपारी सावली, चारनंतर बाग, सगळ्यात शेवटी वाइनरी. वाइन चाखून गड चढणं म्हणजे घाम, तहान आणि डोकेदुखी एकदम ओढवून घेणं. गडावर दारू पिणं तर गुन्हाच आहे.

रामशेज नाशिकहून पेठ रस्त्याने पंधरा किलोमीटरच्या आत आहे. पायथ्याचं गाव आशेवाडी, तालुका दिंडोरी. एसटीने जाणार असाल तर पेठकडे जाणाऱ्या गाडीच्या वाहकाला चढण्याआधीच विचारा, फाट्यावर थांबा आहे का. बहुतेक लोक दुचाकी किंवा गाडी काढतात, कारण संध्याकाळी बागांकडे जायला ती लागतेच. गावात गाडी लावताना एखाद्याच्या खळ्यात किंवा ट्रॅक्टरच्या वाटेवर लावू नका. तोडणीच्या दिवसांत मालाच्या गाड्या कधीही निघतात.

गावातून पायवाट आणि पुढे पायऱ्या. सवय असलेल्याला पाऊण तास, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सव्वा तास धरा. साडेसहाला पायथा सोडला तर उन्हं अंगावर यायच्या आत चढ संपतो. वाट अवघड नाही, आणि म्हणूनच लोक चपला घालून येतात. अडचण उतरताना होते. मुरमाच्या घसाऱ्यावर गुळगुळीत तळ सरकतो, माणूस मागे झुकतो आणि हात टेकतो तो नेमका निवडुंगावर किंवा धारदार दगडावर. खोल नक्षीचा तळ असलेले बूट घाला, उतरताना पावलं आखूड टाका, अंगाचा भार किंचित पुढे ठेवा आणि गुडघे ताठ करू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या. वर कातळात कोरलेली टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी उकळल्या-गाळल्याशिवाय पिऊ नये.

माथ्याच्या अलीकडे गुहेत रामाचं मंदिर आहे आणि शेजारी पाण्याचं टाकं. वनवासात राम इथे विसावला, ही त्याची शेज, अशी श्रद्धा. गडाचं नाव त्यावरून. इथे दहा मिनिटं बसा. टाक्याच्या आतल्या भिंतीवर तिरप्या, समांतर चरे दिसतील. त्या छिन्नीच्या खुणा. गडावर फिरताना असेच चरे दिसले की समजायचं, ही जागा माणसाने खोदलेली आहे.

वर बांधकाम म्हणाल तर फार उरलेलं नाही: दरवाजाचे अवशेष, तटाचे तुकडे, देवीचं मंदिर, ओळीने खोदलेली टाकी. ‘बघायला काहीच नाही’ म्हणत अर्ध्या तासात उतरणारे खूप. त्यांची चूक अशी की ते फक्त भिंती शोधतात. कड्यापासून चार पावलं आत राहून गडाला पूर्ण फेरी मारा आणि खालचं मैदान बघा. गड ठेंगणा आहे, आसपासच्या डोंगरांपासून सुटा, चारी बाजूंनी मोकळा. १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने वेढा घातला, तेव्हा हे काही दिवसांचं काम वाटलं असणार. पण गड पुढची पाचेक वर्षं हाती लागला नाही. मोगलांनी गडावर मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा उंच मचाण, उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून तोफा केल्या. हे खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवलंय, म्हणजे मोगलांच्या बाजूनेच. एका बाजूचा चढ सोपा वाटतो, पण त्यावर येणारा प्रत्येक माणूस वरून कसा स्पष्ट दिसतो, ते फेरीत आपसूक कळतं.

कड्यांच्या पोटात आग्यामोहोळ असू शकतं. अत्तर, बॉडी स्प्रे, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि आलेल्या वाटेने लांब जा. गवत वाळलेलं असलं तरी त्यात हात घालू नका. फुरसं हा विषारी साप दगडाखाली किंवा गवतात वेटोळं करून पडलेलं असतं आणि मातीच्या रंगाचं असल्याने दिसत नाही.

मग बाग

साडेदहापर्यंत खाली या, जेवा, विश्रांती घ्या. दाट बागा हव्या असतील तर पूर्वेकडे दिंडोरी-निफाडच्या बाजूला सरका: मोहाडी, जानोरी, पालखेड, खेडगाव. ओझरला १९२५ साली द्राक्षांची लागवड झाली, तिथून हा सगळा पसारा वाढला असं मानतात. गावाबाहेर गाडी लावून शिवाररस्त्याने तीन-चार किलोमीटर चाला. घाई नसेल तर दीड तास.

रस्त्यावरून बघायला परवानगी लागत नाही, बांध ओलांडायला लागते. जो माणूस दिसेल त्याला विचारा: ‘दादा, बाग बघू का? औषध कधी मारलंय?’ दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. पानांवर निळसर-पांढरे डाग दिसले तर ते मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, बुरशीवरचं औषध. मण्यावरचा पांढुरका थर मात्र द्राक्षाचा स्वतःचाच असतो. त्याला बोट लावलं की तो पुसला जातो आणि बाजारात मालाची किंमत उतरते. म्हणून घड हातात घेऊन फोटो काढू नका. तोडून तोंडात टाकू नका, ते औषधाच्या कारणानेही आणि चोरीच्या कारणानेही.

खायच्या द्राक्षाची बाग आणि वाइनच्या द्राक्षाची बाग लांबूनच ओळखता येते. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस यांच्या वेली मांडवावर किंवा इंग्रजी वायच्या आकाराच्या अँगलवर पसरलेल्या असतात. घड डोक्याच्या उंचीला लोंबतात, खाली गार सावली असते. वाइनची बाग म्हणजे सरळ उभ्या तारांवर चढवलेली हिरवी भिंत. घड गुडघा ते कमरेच्या उंचीला. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बी. शिराझ किंवा कॅबर्नेचा मणी कोणी दिलाच, तर चावून बघा: गोडी खायच्या द्राक्षापेक्षा जास्त लागते, आणि मागाहून सालीचा तुरटपणा जिभेवर चिकटून राहतो. रेड वाइनचा रंग आणि तो तुरटपणा सालीतूनच येतो.

बागेत अपघात होतात ते वर बघत चालल्यामुळे. ओळीच्या टोकाला खांब ताणून धरणाऱ्या तिरप्या तारा जमिनीत गाडलेल्या असतात. संध्याकाळच्या उजेडात त्या दिसत नाहीत आणि नडगी सोलून निघते. ओळीतून ठिबकच्या नळ्या गेलेल्या असतात, त्यांवर पाय दिला तर तोटी निसटते आणि पुढच्या वेली कोरड्या राहतात. काही कुंपणांना झटका मशीन, म्हणजे विजेचा धक्का देणारं यंत्र, असतं. आणि शेततळ्याच्या भरावावर अजिबात चढू नका. आतलं प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. मुलांचा हात धरा.

एका बागेतून दुसरीत जाताना कपडे आणि बूट झटका. पिठ्या ढेकूण ही वेलीवरची कीड, ती कपड्यांना चिकटून सहज प्रवास करते. सकाळच्या दवात पानांना अंग घासत जाणंही टाळा, ओल्या पानावरून रोग पसरतो. अंधार पडायच्या आत रस्त्याला लागा. या पट्ट्यात बिबट्या येतो.

वाइनरीसाठी फोन करून वेळ ठरवा, ओळखपत्र घ्या आणि त्या तारखेला ड्राय डे नाही ना ते बघा. चाखताना आधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, व्हाइट, मग रोझे, मग रेड, गोड शेवटी. उलट केलं तर गोडानंतरची प्रत्येक वाइन आंबट लागते. गाडी चालवणाऱ्याने चाखायचं नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, पण चार घोट तरी पोटात जातातच.

रामशेज झालेला असेल तर इगतपुरी तालुक्यातला कावनई घ्या. पायथ्याला कपिलधारा तीर्थ, माथ्याच्या अलीकडे छोटा कातळटप्पा आणि त्याला लोखंडी शिडी, वर शाबूत दरवाजा, तलाव आणि देवीचं मंदिर. कावनई-सांजेगावच्या शिवारात वाइनच्या बागा आहेत, त्यामुळे गड आणि बाग यांत अंतर कमी. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड कातळाकडे, आणि पाठपिशवीचे लोंबते बंद आधी बांधून घेतलेले.

परतताना द्राक्षं घेतलीत तर पेटी गाडीत सगळ्यात वर ठेवा, न धुता, धुवायची खाताना. बाटल्या डिकीत ठेवून जेवायला उतरू नका. फेब्रुवारीच्या उन्हातसुद्धा बंद डिकी इतकी तापते की कॉर्क वर सरकतो आणि वाइनला शिजल्यासारखा वास येतो. बाटल्या पायाशी, सावलीत, ओल्या टॉवेलात गुंडाळून आडव्या ठेवा.