टेबलावर घेण्याआधी

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडून म्हापशाच्या एका दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा सर्जरी म्हणजे हाताचं कसब, एवढंच डोक्यात होतं. आता नवे डॉक्टर विचारतात, "किती ऑपरेशनं झाली की हात बसतो?" हात बसतोच. केव्हा थांबायचं ते कळायला जास्त वेळ लागतो.

डिचोलीहून एक आजी नऊ वर्षांच्या कुत्रीला घेऊन आल्या. "बाई, दोन दिवस जेवली नाही, पाणी मात्र सारखं पिते." माजावर येऊन दीड महिना झालेला, पोट ताणलेलं, खालून स्राव काहीच नाही. गर्भाशयात पू, म्हणजे पायोमेट्रा, आणि तोंड बंद असलेला. पू बाहेर पडायला वाट नसते म्हणून हा प्रकार जास्त घातक. मी थेट ऑपरेशनच्या तयारीला लागले. दवाखान्यातल्या माझ्या वरिष्ठ डॉक्टर मॅडमनी अडवलं. आधी सलाईन, अँटिबायोटिक, रक्ततपासणी. चार तासांनी हिरड्यांचा रंग सुधारला, मग पोट उघडलं. गर्भाशयाची शिंगं, म्हणजे त्याच्या दोन लांब फांद्या, मनगटाएवढी फुगलेली. असं गर्भाशय ओढू नका, दोन्ही तळव्यांवर अलगद उचला. भिंत पातळ झालेली असते, फाटली तर सगळा पू पोटात.

नसबंदीचं ऑपरेशन सगळे सोपं समजतात. माझ्या पहिल्या काही केसेसमध्येच अंडाशयाच्या देठाची गाठ सुटली आणि बघता बघता पोट रक्ताने भरलं. घाबरून चिमटे लावत सुटू नका, मूत्रवाहिनी सापडेल त्यात. उजवा देठ हवा तर ड्युओडिनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, उचलून डावीकडे घ्या, डावा हवा तर उतरतं कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा डावीकडचा भाग, उजवीकडे. आतड्यांचा पसारा त्या आतड्याला जोडलेल्या पातळ पडद्याआड जातो आणि देठ समोर दिसतो. हे मॅडमनी त्या दिवशी माझ्या हातून करून घेतलं. तुम्ही आधीच शिकून ठेवा.

आपल्याकडे गोचीड फार. गोचीड-तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उतरतात, म्हणून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्रीचंही रक्त तपासल्याशिवाय सुरी लावू नका. रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्ताळलेली गाठ दिसते, टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारा कर्करोग. ती सहसा कापायची नसतेच, व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी विरते.

मांजर उलट्या करत आलं तर जीभ उचलून खाली बघा. मालीम जेटीकडून आलेल्या एका मांजरीच्या जिभेच्या मुळाशी मासेमारीची तंगूस अडकली होती, दुसरं टोक आतड्यात. ती बाहेर ओढायची नाही, अजिबात नाही! नाडी ओढल्यावर लेंग्याचा नेफा चुणतो ना, तसं आतडं चुणतं आणि दोरा ते कापत जातो. जिभेखाली कापून मोकळी केली, मग आतडं तीन ठिकाणी उघडून तुकडे काढले. बोका वारंवार जोर करत असेल आणि मालक "बद्धकोष्ठ आहे" म्हणत असेल, तर आधी मूत्राशय चाचपा. लघवी तुंबली की पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं.

पावसाळ्यात घरी सोडताना घाई करू नका. टाके दहा-बारा दिवस कोरडे राहिले पाहिजेत, जखम चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातली कॉलर काढायची नाही, कुत्रं अंगणात नाही तर घरात झोपवायचं, जखमेवर माशी बसू द्यायची नाही. हे मालकाला सांगा, आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या.