विदर्भातल्या सागात काम करायचंय? मग गाभ्यापासून सुरुवात करा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथलंच लाकूड गेलं. पण टिकतो तो गाभा, म्हणजे खोडाच्या आतलं पक्कं लाकूड. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. पंधरा सेंमी व्यासाच्या लाटेवर, म्हणजे ओंडक्यावर, पांढरा थर चहूबाजूंनी अडीच सेंमी असला, तर गाभा निम्म्याहूनही कमी भरतो. तीस सेंमी व्यासाला तोच थर असेल तर गाभा ६९ टक्के. 'साग लावा, आठ-दहा वर्षांत लखपती' असं सांगणारे हा हिशेब मांडत नाहीत.

लागवड खोडमुळ्यांची. वर्षभराचं, अंगठ्याएवढं जाड रोप उपटून मूळ १५ ते २० सेंमी आणि खोड दोन-तीन सेंमी ठेवायचं, बाजूच्या मुळ्या छाटायच्या. पहिल्या चांगल्या पावसाला पहारीनं भोक पाडून लावायचं आणि माती चहूकडून घट्ट दाबायची. आत पोकळी राहिली की मूळ सुकतं किंवा कुजतं. पुष्कळ मर इथेच होते. पाणी तुंबणारी जमीन सरळ सोडून द्या. खोडमुळीला धुमारे बरेच फुटतात, त्यातला एकच सरळ ठेवायचा.

खरी कसोटी विरळणीची, म्हणजे दाटीतली झाडं काढून उरलेल्यांना जागा देण्याची. दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी २५०० झाडं बसतात. साधारण पाचव्या वर्षी तिरपी ओळ एकाआड एक काढली की १२५० उरतात. चांगल्या जमिनीत हे आधीच करावं लागतं. मालकाचा जीव कळवळतो, विरळणी लांबते, शेंडे आखडतात, घेर थांबतो. मग उशिरा एकदम मोकळं केलं तर खोडावर ठिकठिकाणी फुटवे येतात आणि त्यांच्या गाठी फळीत उतरतात. मार्किंगची, म्हणजे कोणतं झाड काढायचं ते ठरवून खूण करण्याची, नजर फक्त जंगलात येते, त्यामुळे नवख्यानं लाकूड चिरायच्या गिरणीआधी दोन हंगाम इथे घालवावेत.

मोजणीत पाव घेराची पद्धत येते: लाटेच्या मधोमध घेतलेल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. एक मीटर घेर, चार मीटर लांब लाट म्हणजे ०.२५ घनमीटर; गोल धरून खरं घनफळ ०.३१८ येतं. साल धरून मोजलं की सोलून, हे सौद्याआधी विचारायचं.

खासगी शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही; त्याला १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. तोडीनंतर वाहतूक परवाना लागतो, तो नसेल तर गाडी नाक्यावर अडते.

चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून थप्पीला लावा. टोकं आधी सुकतात म्हणून तडकतात. त्यांना रंग फासा. फर्निचरला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास हवा. ओलावा मोजायचं यंत्र नसलेला गिरणीवाला 'सुकलंय' म्हणाला, तर माल उचलू नका.

पदवीच घ्यायची असेल तर वनशास्त्राचं शिक्षण अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत मिळतं.